खोपीतल्या पिल्लांबद्दल

पुणे, १६ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले की निम्मं रेंजमध्ये जातं आणि उरलेलं बाबांना नीट ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहिते. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव. हे पत्र तसंच मोठ्याने वाचायचं आहे, का ते पुढे कळेल.

खोपीत लाकडांच्या मागे भाटी मांजर व्याली, तीन पिल्लं आहेत, आणि चाहूल लागली की तिन्ही गडप होतात, असं तू म्हणालीस. मागून बाबांचा आवाज आला, "रानटी आहेत ती, हाताला यायची नाहीत." येतील, बाबा. आमच्या सोसायटीत पंपाच्या खोलीमागे झालेली पिल्लंही अशीच फिस्कारायची, पाठीचा कणा वर करून, एवढ्याशा शेपटीचे केस फुलवून. त्यातली दोन आता तळमजल्यावरच्या आजींच्या पलंगावर झोपतात.

मात्र वेळ थोडा आहे. मांजराचं पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्यांच्या सहवासात वाढतं, त्यांना ते घाबरत नाही. नंतरही माणसाळतं, पण दिवसांचं काम महिन्यांवर जातं. कान उभे झालेत, डोळे अजून निळे आहेत आणि एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात, असं तू सांगितलंस. म्हणजे पाचेक आठवड्यांची असावीत. डोळ्यांचा निळा रंग जाऊन पिवळा-हिरवा यायला लागला की सहा-सात आठवडे झाले समजायचं. त्याच्या आत जमेल तेवढं करू.

सगळ्यात आधी एक. लाकडांत हात घालून पिल्लू बाहेर काढायला जाऊ नका, दोघांपैकी कुणीही. या दिवसांत लाकडांत फुरसं असतं, घोणस असते, हे मी तुम्हाला काय सांगायचं! शिवाय पिल्लांना हात लागला, जागा धोक्याची वाटली, की भाटी त्यांना तोंडात धरून दुसरीकडे नेते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते त्यामुळेच. तिने वाडीच्या पलीकडे नेली तर आपल्या हातात काही उरणार नाही, आणि हल्ली बिबट्या खालच्या पाणंदीपर्यंत येतो म्हणता.

आता खाणं. दूध ठेवू नकोस, आई. तुला वाईट वाटेल हे माहीत आहे, पण बहुतेक मांजरांना गाईचं दूध पचत नाही. लहान पिल्लाला हगवण लागली की एका दिवसात अंगातलं पाणी जातं आणि ते मलूल होतं. आईचं पितायत तेवढं दूध पुरे. दूधभातावर मांजर जगतं असं आपण समजतो, पण ते शिकारी जनावर आहे. मांसातून मिळणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य त्याला मिळालं नाही तर डोळे आणि हृदय बिघडतं. आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही, म्हणून मी पिल्लांच्या कोरड्या खाद्याची पिशवी पाठवते आहे. मूठभर खाद्य कोमट पाण्यात भिजवायचं आणि बोटाने कुस्करता आलं की द्यायचं. त्याची भांडी वेगळी मागीलदारीच राहू देत, स्वयंपाकघरात काही आणावं लागणार नाही. कांदा-लसूण घातलेलं उरलंसुरलं कालवण मात्र त्यांना कधीच नको, ते मांजराला विषारी असतं.

वेळ मात्र ठरवून टाका. सकाळी तुमचा चहा झाल्यावर आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी. खोपीच्या तोंडाशी बशी ठेवायची, तेच "माऊ, ये" म्हणायचं आणि तिथेच, पण लांब, बसायचं. आधी भाटी येईल. तिला तुमच्यासमोर निवांत खाऊ दे. आई घाबरत नाही हे पिल्लं आतून बघत असतात आणि तिचंच बघून शिकतात. रोज बशी वीतभर आपल्याकडे सरकवायची. एखाद्या दिवशी पुढे आली नाहीत तर बशी पुन्हा मागे न्यायची, त्यात काही बिघडत नाही.

आणि बसायचं म्हणजे पिल्लांसाठी बसायचं नाही, आपलं काम करत बसायचं. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पंपाच्या खोलीपाशी मी पायरीवर मटार सोलत बसायचे, कधी ऑफिसचे फोन तिथूनच करायचे. माणूस आपल्याकडे टक लावून बघत नाही, हात पुढे करत नाही, याला काहीतरी दुसरंच काम आहे, हे कळलं की पिल्लू सैल होतं. तुझ्याकडे अशी किती कामं आहेत! तांदूळ निवड, वाती वळ, सोलं नीट कर. गुडघ्यांमुळे जमिनीवर बसू नकोस, तो बुटका पाट घे. उभा माणूस त्यांना फार मोठा दिसतो. बाबा, तुम्ही पडवीत पेपर वाचता तो खोपीकडे तोंड करून मोठ्याने वाचा. अग्रलेख चालेल, बाजारभाव चालतील. रोज त्याच वेळी तोच संथ आवाज कानावर पडला की तो त्यांना ओळखीचा होतो. मला हे सगळं ऑफिसच्या वेळा सांभाळून करावं लागायचं. तुमच्याकडे दिवस एका लयीत जातो, कुणी धावत नाही, दारं आपटत नाहीत. पिल्लांना नेमकं असंच घर लागतं.

नजर चुकून मिळालीच तर रोखून बघू नका. डोळे सावकाश मिटा, सावकाश उघडा आणि मान वळवा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून छापलं आहे. माणसाने असे डोळे मिटले तर मांजरही मिटतं, आणि अनोळखी माणसाच्याही हाताशी यायला जास्त तयार होतं. मी हे केलं तेव्हा पंपाखालच्या करड्या पिल्लाने आधी एक डोळा बारीक केला, मग दोन्ही, आणि तिथेच पुढचे पाय पोटाखाली घेऊन बसलं. मला इतका आनंद झाला की हातातला फोन चालू आहे हे विसरले.

जवळ येऊन खायला लागली की बोटाला भिजवलेलं खाद्य लावून बोट जमिनीवर टेकवून ठेवायचं. करडं आलं तेव्हा मान लांब केली होती, मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत. आधी वास घेतला, मग चाटलं. जीभ खरखरीत, आणि नाक बोटाला लागलं ते गार. तेव्हाही हात हलवायचा नाही. हे रोजचं झालं की खाताना गालाला, मग कानामागे एक बोट. पाठीवर वरून हात नेऊ नका, वरून येणारा हात त्यांना घारीसारखा वाटतो. तिघांतलं एक धीट असतं, आधी त्याच्याशी गट्टी करा. काठीला सुंभाचा तुकडा बांधून ओढलात तर बाकीची खेळायला येतील, आणि खेळताना भीती लवकर जाते. घरात घुरघुरण्याचा आवाज आला की मला लगेच फोन करा, रात्रीचे अकरा वाजले तरी.

ओरखडलं किंवा चावलं तर "एवढंसं तर आहे" म्हणून सोडू नका, बाबा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्या. तुमच्या शुगरमुळे जखम चिघळते हेही लक्षात ठेवा.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी येते. येताना जाळीची टोपली आणते, पिल्लांना लस द्यायला चिपळूणला नेऊ. अंगावर पाजत असतानाही भाटी पुन्हा गाभण राहते आणि नऊ आठवड्यांत पुन्हा वेत, म्हणून पिल्लांचं अंगावरचं दूध तुटलं की तिची नसबंदी करून घेऊ. पिल्लांची चार महिन्यांची झाली की. खर्च माझा, त्यावर बाबांनी वाद घालायचा नाही.

ही तिन्ही तुमच्याकडे राहावीत असं मला मनापासून वाटतं. कणगीतलं भात उंदीर फोडतात हे एक कारण आहेच. पण दादा आणि मी दोघंही लांब, संध्याकाळी पडवीत तुम्ही दोघंच असता, आणि बाबांना कुणाशी तरी बोलायला लागतं. ती बोलतील तुमच्याशी, बाबा. खाण्याची वेळ पाच मिनिटं टळली तरी बोलतील.

खाद्याची पिशवी एसटीच्या पार्सलने पाठवते, पावती बाबांच्या नावाने असेल.

तुमची लेक

ता. क. पिल्लं पायात यायला लागतील, म्हणून न्हाणीघराकडच्या पायरीवरचा गेलेला दिवा वायरमनला सांगून आधी बदलून घ्या. मी येईपर्यंत थांबू नका.