चौकशीच्या टेबलामागे माणूस हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘मोबाइल हातात असताना विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागाला वेगळा माणूस कशाला?’ असा प्रश्न आपल्या वाचकांच्या सदरात एका पत्रलेखकाने नुकताच विचारला आहे. त्या जागी टच स्क्रीनचे यंत्र बसवावे, पगार वाचेल, असेही त्यांनी सुचवले आहे. सूचना नवी नाही. पुण्यातल्या ज्या विद्यापीठात माझी नोकरी झाली, तिथल्या ग्रंथालय समितीपुढेही असाच प्रस्ताव आहे. मी संदर्भाच्या टेबलावर बसत असे आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे माझी खुर्ची जाईल ही भीती उरलेली नाही. त्या टेबलावर दिवसभर काय चालते हे मात्र बाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते, म्हणून हे पत्र. जरा लांबेल. काटछाट करायचीच झाल्यास शेवटच्या परिच्छेदाला कात्री लावू नये, एवढी विनंती.

यंत्राला माझा सरसकट विरोध नाही. सकाळी दार उघडल्यावर पहिला तासभर जे विचारले जाते, त्यातले बरेचसे यंत्राने सांगावे असेच असते. वायफायचा पासवर्ड काय, झेरॉक्स कुठे, नो ड्यूजवर, म्हणजे काही बाकी नसल्याच्या दाखल्यावर, सही कोण करते, अभ्यासिकेत बाटली नेली तर चालेल का, चार्जिंगचा पॉइंट कुठला चालू आहे. परीक्षेच्या दिवसांत ‘मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका’. हे सगळे खुशाल पडद्यावर टाका. पत्रलेखकांनी बहुधा याच वेळी टेबलाकडे पाहिले असावे.

खरे काम अकरानंतर सुरू होते, आणि विद्यार्थी जे तोंडाने विचारतो ते त्याला हवे असतेच असे नाही. नियोजनशास्त्राची एक मुलगी आली. ‘मॅडम, पानशेतच्या पुरावर काही आहे का?’ ओपॅकवर, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथसूचीत, तिने मराठीत ‘पानशेत पूर’ टाकून पाहिले होते. उत्तर शून्य. मी विचारले, पुराचे नेमके काय हवे? धरण कसे फुटले ते, की शहरात काय झाले ते? बोलता बोलता कळले की तिला १२ जुलै १९६१ च्या त्या सकाळीशी फारसे कर्तव्य नव्हते. पूरग्रस्तांना जिथे वसवले त्या वस्त्यांचे पुढे काय झाले, गोखलेनगरसारखा भाग आज तिथे कसा उभा राहिला, हा तिचा विषय. म्हणजे पुस्तक वेगळे, फाइल वेगळी, नकाशा तर तिसरीकडेच. तरी चौकशी आयोगाचा अहवाल तिने पाहायला हवा होता. आधी चौकशी करणारे न्यायमूर्ती बावडेकर यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईक यांचा आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल. सरकारी अहवालाची नोंद तो काढणाऱ्या आयोगाच्या नावाने होते, तीही इंग्रजीत. मराठीत ‘पूर’ टाकून ती नोंद सापडणार कशी? शिवाय जुन्या इंग्रजी नोंदींत आपले शहर ‘पूना’ आहे. १८८५ चे जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची इंग्रजी अमदानीतली सरकारी माहितीपुस्तके, अठराव्या खंडाचे तीन भाग, ‘पुणे’ असे टाइप करणाऱ्याला दिसत नाहीत आणि तो ‘तुमच्याकडे गॅझेटियरच नाही’ म्हणून निघून जातो. पुस्तक त्याच्या पाठीमागच्या कपाटात असते.

दुसरे उदाहरण इतिहासाच्या एका संशोधक विद्यार्थ्याचे. मोडी शिकलेला, हुशार मुलगा. एका पत्राचा उतारा घेऊन आला. वर तारीख होती ‘छ १२ रमजान’ (छ म्हणजे चंद्र) आणि साल ‘इसन्ने सबैन मया व अलफ’. त्याने शब्दांची बेरीज बरोबर केली होती: दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७२. पुढे मोबाइलवरच्या हिजरी तारखा बदलून देणाऱ्या साधनात ११७२ घातले आणि १७५९ हे साल घेऊन मोकळा झाला. पत्रात मात्र थोरल्या माधवरावांचा उल्लेख पेशवे म्हणून होता, आणि १७५९ ला गादीवर नानासाहेब! पोरगा चार दिवस पत्र बनावट आहे की काय या विवंचनेत. आता, पेशवाईच्या कागदांत अरबी शब्दांनी लिहिलेले साल हे सुहूर सन असते. ते सौर, मृगापासून मृगापर्यंत चालणारे. हिजरी चांद्र. महिने आणि चंद्राची तारीख मुसलमानी, वर्ष मात्र सुहूर, अशी ती मिसळ. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, वर्षाचा कुठला भाग आहे ते पाहून. ११७२ म्हणजे १७७१-७२. त्या वर्षीचा रमजान डिसेंबरात येतो, म्हणून डिसेंबर १७७१. नेमका दिवस काढायला मोडकांची जंत्री, म्हणजे वेगवेगळ्या सनांच्या तारखा जुळवून देणारे कोष्टकांचे पुस्तक, उघडायची, ओळीवर बोट ठेवायचे. पाच मिनिटांत काम झाले. त्याच्या मोबाइलने खोटे सांगितले नव्हते, विचारले त्याचे अचूक उत्तर दिले होते. आपण हिजरी सन विचारतोय का, एवढे त्या बिचाऱ्या साधनाने उलट विचारले नाही. टेबलामागच्या माणसाचा पगार त्या उलट विचारण्यासाठी असतो.

आणि आता जे सुरू झाले आहे त्याबद्दल. माझ्या नोकरीच्या अखेरच्या काळात मुले संदर्भांच्या छापील याद्या घेऊन येऊ लागली. लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठे, सगळे व्यवस्थित, स्वल्पविरामासकट. ‘मॅडम, एवढे लेख काढून द्या ना.’ मी शोधायला बसायचे. नियतकालिक खरे, खंडही खरा, पण त्या पानांवर दुसऱ्याच कुणाचा दुसऱ्याच विषयावरचा लेख. लेखकही खरा आणि त्याच विषयातला, फक्त हा लेख त्याने लिहिलेला नाही. चॅटजीपीटीला विचारून केलेली यादी! एकीत तर १९६२ सालच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तला लेख होता. ते साप्ताहिक या नावाने निघू लागले १९६६ ला. त्याआधी होते ‘इकॉनॉमिक वीकली’. असे एखादे चटकन पकडता येते. बाकीच्यांसाठी वार्षिक सूची, प्रकाशकाचे संकेतस्थळ, प्रबंधांचा ऑनलाइन साठा असलेली शोधगंगा, लेखकाच्या इतर लेखांखालचे संदर्भ, सगळे चाळावे लागते. जी वस्तू नाहीच, ती नाही हे ठामपणे सांगायला असलेली वस्तू शोधण्यापेक्षा जास्त वेळ जातो, हे मला त्या काळात कळले.

पत्रलेखकांनी इथे जरा थांबून विचार करावा. आपल्याकडे पुस्तक नसले तरी यंत्र शून्य दाखवते, स्पेलिंग चुकले तरी शून्य, पुस्तक आहे पण नोंद दुसऱ्या नावाखाली आहे तरी शून्य, आणि असे पुस्तक जगात कधी छापलेच गेले नाही तरी शून्यच. चार वेगवेगळ्या गोष्टी, उत्तर एक. समोरच्या मुलाला यातले कुठले शून्य मिळाले आहे हे कोण सांगणार?

‘सगळे ऑनलाइन आहे’ हे वाक्यही तपासून घ्यायला हवे. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे २०२५ पासून सरकारी विद्यापीठांना तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली. उत्तम झाले, वर्गणीच्या बिलांवरून होणारी आमची रडारड तरी संपली. पण मराठीत संशोधन करणाऱ्याच्या पदरात त्यातून काय पडते? त्याला हवे असतात जुने दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, बंद पडलेल्या मासिकांच्या बांधीव फायली. १९३७ पूर्वीचे मराठी पुस्तक शोधायचे तर आधी शं. ग. दात्यांची ग्रंथसूची उघडावी लागते, आणि अशी सूची आहे हेच एम.ए. झालेल्या मुलाला माहीत नसते. यात त्याचा दोष नाही, त्याला कुणी दाखवलेली नसते. केतकरांचा ज्ञानकोश, दाते-कर्व्यांचा शब्दकोश, चित्रावशास्त्र्यांचे चरित्रकोश हे सगळे कपाटात ‘आर’चे, म्हणजे रेफरन्सचे, लेबल लावून उभे असतात, घरी नेता येत नाहीत, आणि त्यामुळे देवघेवीच्या आकड्यांतही कधी येत नाहीत.

आकड्यांचे हे दुखणे मोठे आहे. दारातले यंत्र आत येणाऱ्याला मोजते. अभ्यासिकेत एमपीएससीची स्वतःची पुस्तके घेऊन बसलेला मुलगा चहाला दोनदा बाहेर गेला की तीन वाचक होतात. विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनातही ग्रंथालयाचा रोजचा वापर विचारला जात आला आहे, तिथे हे आकडे शोभून दिसतात. मोडीतल्या त्या एका तारखेची मात्र कुठेच नोंद होत नाही. आमच्याकडे एक प्रश्नवही होती. कुणी काय विचारले, कुठे सापडले, सापडले नाही तर कुणाकडे पाठवले. समितीतल्या एका सदस्यांनी ती चाळून विचारले होते, ‘दिवसाला एवढेच?’ त्यातल्या एकेका ओळीमागे अर्धा दिवस गेला असेल हे वहीत दिसत नाही.

पुण्यात तर ‘कुणाकडे पाठवले’ हा रकानाच सर्वांत मोलाचा. पेशवे दफ्तराचे कागद पुराभिलेखागारात, खाजगी दफ्तरे भारत इतिहास संशोधक मंडळात, संस्कृत हस्तलिखिते भांडारकर संस्थेत, अर्थशास्त्राचे जुने अहवाल गोखले संस्थेत. कुठे विभागप्रमुखांचे पत्र लागते, कुठे ओळखपत्रावर भागते, कुठे आदल्या दिवशी मागणी नोंदवावी लागते. नांदेडहून किंवा नंदुरबारहून दोन दिवसांसाठी आलेल्या मुलाचा एक दिवस पीएमपीच्या बसमध्ये जाऊ नये म्हणून आम्ही आधी फोन करायचो. ‘आमचा एक विद्यार्थी येतोय, अमुक रुमाल (कागदांचा गठ्ठा) बघायचाय, कागद बाहेर काढलेले आहेत का?’ ही ओळख वर्षानुवर्षे एका खुर्चीवर बसून होते. सध्या तिथे अकरा महिन्यांच्या कराराने माणूस नेमतात. बिचारीला कोणते कपाट कुठे ते उमगते न उमगते तोच करार संपतो.

आमच्या व्यवसायातल्यांबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. मान वर न करता ‘कार्ड कुठंय?’ विचारणारे, ‘ओपॅकवर बघा’ म्हणून बोट दाखवणारे महाभाग टेबलामागे बसलेले मीही पाहिले आहेत. अशा माणसापेक्षा यंत्र बरे, निदान ते तुसडेपणा करत नाही. पण त्यावर उपाय चांगला माणूस नेमणे हा असतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’. त्यांच्या तसबिरीला दर १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, हार घातला जातो. हार घालायला कंत्राटी कर्मचारी चालत नाही, त्यासाठी पदाधिकारीच लागतात.

आता मागणी. यंत्र जरूर बसवा, दाराशी बसवा, आणि वायफाय, झेरॉक्स, नो ड्यूज त्याच्याकडे सोपवा. संदर्भाचे टेबल वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यात न ढकलता सूचीच्या संगणकांशेजारी राहू द्या, म्हणजे पडद्यावर शून्य पाहून माघारी वळणारा मुलगा तिथल्या माणसाला दिसेल. प्रश्नवही पुन्हा सुरू करा आणि तिच्यात लागलेला वेळ लिहिण्याचा एक रकाना वाढवा. समितीला आकडेच हवे असतील तर ते घ्या. यंत्राच्या खरेदीची टिपणी तयार होत आहे असे कानावर आले आहे. त्याच टिपणीत एका कायम संदर्भ साहाय्यकाच्या पदाची मागणी जोडावी, आणि त्या पदाची पाळी दुपारी बारा ते रात्री आठ अशी ठेवावी. कॉलेजात शिकवून किंवा नोकरी सांभाळून पीएच.डी. करणारे संध्याकाळी सहानंतरच ग्रंथालयात येतात, आणि आज त्या वेळी संदर्भाच्या टेबलावर कुणीही नसते.

आपली,
एक निवृत्त साहाय्यक ग्रंथपाल
कर्वेनगर, पुणे
(नाव छापू नये.)