तुटली होती वायर, बदलले एबीएस मॉड्यूल

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : एबीएसमधील बिघाडाचे चुकीचे निदान आणि ३९,४०० रुपयांचा परतावा

महोदय,

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सिंहगड रस्त्यावर माझ्या गाडीचा एबीएसचा (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवले की दिवा यायचा, गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर थोडे अंतर सरळ गेले की जायचा. हे मी तुमच्या पुण्यातील सर्व्हिस सेंटरमध्ये अ‍ॅडव्हायझरना दोनदा सांगितले. जॉब कार्डवर मात्र 'एबीएस लाइट ऑन' एवढेच लिहिले गेले. निम्मे निदान तिथेच हातचे गेले.

स्कॅनरवर डाव्या पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरच्या सर्किटचा बिघाड-कोड आला आणि लगेच सेन्सर बदलला. ४,३०० रुपये. आठ दिवसांत दिवा परत. मग "मॉड्यूल गेलंय" म्हणून एबीएस चालवणारे ते इलेक्ट्रॉनिक युनिट बदलले आणि ३५,१०० रुपये घेतले. पाचव्या दिवशी कात्रज घाटात पुन्हा दिवा लागला. पाऊस होता, शेजारी आई बसली होती, पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला. मी पेडल दाबले तशी पुढची चाके जाम झाली, गाडी घसरत सरळ गेली आणि स्टिअरिंग फिरवूनही वळेना. टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली. आदल्या आठवड्यातच तुमच्या माणसाने मला सांगितले होते, "साधे ब्रेक लागतात ना, मग चालवा." साधे ब्रेक लागतात हे खरे, पण ओल्या उतारावर चाके जाम होऊ नयेत म्हणूनच तर एबीएस असते.

शेवटी नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी आधी दिवा नेमका कधी लागतो ते विचारले. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग पाहत गाडी हळू चालवली. डावीकडे वळताच त्या एका चाकाचा आकडा शून्यावर आला. मग सेन्सर आणि मॉड्यूल अशा दोन्ही टोकांचे कनेक्टर काढून मल्टिमीटर बीपवर लावला (वायर सलग असेल तोवर बीप वाजतो) आणि मधली वायर हाताने वाकवली. बीप तुटला. चाकाच्या कमानीत, जिथे वायर प्रत्येक वळणाला वाकते, तिथे आतले तांबे तुटले होते आणि वरचे आवरण शाबूत होते. वायर सरळ असताना टोके टेकत, ताण आला की सुटत. नवा तुकडा सोल्डर करून, स्लीव्ह चढवून, वायर मोकळी वाकेल अशी बांधून दिली. ६०० रुपये. आज तीन आठवडे झाले, दिवा नाही.

ते म्हणाले, "कोड सर्किटचा येतो, पार्टचा नाही." हे तुमच्या प्रशिक्षित तंत्रज्ञांना ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. अर्ध्या तासाची तपासणी टाळून महागडा भाग विकला गेला, असेच मला वाटते.

सेन्सर आणि मॉड्यूलचे पूर्ण ३९,४०० रुपये परत करावेत. मॉड्यूल बदलण्यापूर्वी वायरिंगची कोणती तपासणी केली, हे लेखी कळवावे. काढलेले जुने मॉड्यूल मला दिलेले नाही. ते माझ्यासमोर तपासावे. दोन्ही जॉब कार्डे, बिले आणि तुटलेल्या वायरचे फोटो सोबत जोडले आहेत. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला,
एक ग्राहक
सिंहगड रस्ता, पुणे