वकीलताई, त्या तिरप्या रेघेबद्दल

आदरणीय वकीलताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. वकिलाने स्वतःची जाहिरात करायची नाही, दुसऱ्याकडून करवूनही घ्यायची नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. माझ्या कौतुकापायी तुमच्याकडे कुणी खुलासा मागावा हे मला नको. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आमच्या फरशीवाल्या मिस्त्रींच्या रस्ता-अपघाताच्या भरपाईच्या दाव्याचा निकाल लागला. रक्कम मनासारखी आली, त्याबद्दल न्यायाधिकरणाचे आभार. तुमचे मानायचेत ते एका रेघेबद्दल.

शिवाजीनगर कोर्टाजवळच्या तुमच्या ऑफिसातला तो पहिला दिवस. मिस्त्री वॉकरवर, शेजारी त्यांची बायको, मागे मी. शपथपत्र इंग्रजीत टाइप झालेलं. मिस्त्रींनी सवयीने खिशातलं पेन काढलं, तसं तुम्ही हातानेच थांबवलंत आणि एकेक वाक्य मराठीत वाचून दाखवलंत. ‘पोटकलम’ म्हणजे काय हेसुद्धा सांगितलंत. शेवटचं पान अर्धं कोरं होतं. सहीची जागा वर घेतलीत आणि खाली उरलेल्या कोऱ्या भागावर डावीकडून उजवीकडे एक तिरपी रेघ ओढलीत. साध्या बॉलपेनने, पट्टी न घेता. म्हणालात, “आता इथे कुणाला काही घालता येणार नाही. मलासुद्धा.”

त्या ‘मलासुद्धा’वर मिस्त्रींची बायको रडायला लागली. कारण तुम्हाला नंतर कळलं, इथे वाचणाऱ्यांना सांगतो.

आधीचे वकील भेटले होते रुग्णालयाच्या पॅसेजमध्ये. म्हणजे ते स्वतः नव्हे, त्यांचा माणूस. मिस्त्री आयसीयूत असताना त्याने बाईंच्या अकरा कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, मिस्त्री वॉर्डात आल्यावर त्यांचा अंगठा आणि सही वकालतपत्रावर, आणि जी रक्कम मिळेल तिच्यातले तीस टक्के ‘साहेबांचे’ असं तोंडी ठरवलं. बँकेचं पासबुक आणि सही केलेला एक कोरा चेकही मागितला होता. चेकबुकच नव्हतं म्हणून तो वाचला. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं वकिलाला मुळातच मना आहे. गिऱ्हाईक गाठायला माणूस पाठवणंही. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतच दोन नियम मोडले गेले होते, आणि ज्यांच्या बाबतीत मोडले त्यांना पत्ता नव्हता.

पुढचे पाच महिने फोनवर एकच उत्तर : “तारीख पडलीय.” तुम्ही त्यांना फक्त दाव्याचा सीएनआर नंबर विचारलात. प्रत्येक दाखल प्रकरणाला हा सोळा अक्षर-आकड्यांचा नंबर मिळतो आणि तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. त्यांच्याकडे नंबर नव्हता, कारण दावाच दाखल नव्हता. मोटार वाहन कायद्यात भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आली आहे. तिला कोर्टात आव्हान दिलं गेलंय हे खरं, पण दुसऱ्याच्या भांडणाच्या भरवशावर आपली मुदत घालवायची नसते. तुमच्याकडे आलो तेव्हा सव्वीस दिवस उरले होते.

जुनी फाइल द्यायला ते तयार नव्हते. आधी ‘हिशेब’ म्हणाले. तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत की कागद अशिलाचे असतात, फीसाठी वकिलाला ते अडकवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच हे सांगितलंय. फाइल दुसऱ्या दिवशी आली. अकरा कोरे कागदही आले. ते मिस्त्रींच्या बायकोच्याच हातात देऊन तुम्ही तिला फाडायला लावलेत. त्या वकिलाबद्दल एक शब्द वाईट बोलला नाहीत. मी बोललो, तर विषय बदललात.

मी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात होतो, म्हणजे अशा दाव्यांमध्ये टेबलाच्या पलीकडे. तिथे फाइल आली की एफआयआरच्याही आधी एक कागद उघडला जातो : कॅज्युअल्टीचा पहिला पेपर. अपघात कसा झाला हे तिथल्या डॉक्टरने विचारून एका ओळीत लिहिलेलं असतं. मिस्त्रींच्या पेपरवर लिहिलं होतं, ‘दुचाकीवरून घसरून पडल्याचा इतिहास.’ मागून धडक देणाऱ्या कारचा उल्लेखच नाही. पोलिसांचं लचांड नको म्हणून एका शहाण्या नातेवाइकाने तसं सांगितलं होतं. या एका ओळीवर दावे पडतात, आणि ती ओळ पुसता येत नाही. पुसायचा प्रयत्न केला तर उरलासुरला विश्वासही जातो.

तुम्ही ती लपवली नाहीत. उलट दाव्यातच लिहिलंत की असं नोंदलं गेलंय आणि का. रुग्णालयातून पूर्ण केसपेपर मागवलात. त्यात माहिती देणाऱ्याचं नाव होतं, ते त्या नातेवाइकाचं, जो अपघाताच्या जागी नव्हताच. रुग्ण शुद्धीवर नसल्याची नोंद त्याच पानावर, दोन ओळी खाली. मग आरटीओच्या निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल. कारच्या बंपरचा डावा कोपरा दबलेला, आणि दुचाकीच्या मागच्या मडगार्डवर त्याच कारचा रंग घासलेला. दुचाकी तपासणीआधी गॅरेजमध्ये नेऊन ठाकठीक केली असती तर हा पुरावा पत्र्याबरोबर ठोकून सरळ झाला असता. गॅरेजवाल्याला पैसे द्यायला कुणाकडे नव्हते म्हणून गाडी तशीच पडून राहिली. गरिबी कधी कधी अशी उपयोगी पडते, काय बोलणार.

एफआयआर नऊ दिवसांनी झाला होता. कारच्या विमा कंपनीच्या वकिलाने त्यावर जोर दिला. माणूस आयसीयूत असताना घरचे आधी चौकीत जातील की रक्ताची बाटली शोधतील? कोर्टही हे जाणतं. फक्त उशिराचं कारण कागदाने दाखवावं लागतं, आणि तुम्ही आयसीयूच्या तारखा एफआयआरच्या तारखेशेजारी मांडून ते दाखवलंत.

कारवाल्याबद्दलही लिहितो, कारण लोक त्याला देवमाणूस म्हणत होते. वडगावच्या सर्व्हिस रोडवर त्याने मागून धडक दिली, मिस्त्रींना रिक्षात घातलं, दहा हजार हातावर ठेवले आणि “पोलिसांत कशाला जाता” म्हणून निघून गेला. कायद्याचं कलम १३४ ड्रायव्हरवर तीन कामं टाकतं. जखमीला उपचार मिळवून द्यायचे, अपवाद जमाव अंगावर आला असेल तर. पोलीस जागेवर नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर चोवीस तासांत, जाऊन सांगायचं. आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं : पॉलिसी नंबर, वेळ, जागा, जखमी कोण, गाडी कोण चालवत होतं. त्याने पहिलं केलं, उरलेली दोन टाळली. त्याचं लायसन्स चालू होतं, पॉलिसी चालू होती. भरपाई त्याच्या खिशातून जाणारच नव्हती, कंपनीच्या तिजोरीतून जाणार होती. दहा हजार देऊन त्याने काय वाचवलं हे मला अजून कळलेलं नाही. आणि हो, मे २०२५ पासून तर अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. ‘घसरून पडला’ म्हणून घरच्यांनी अपघातच लपवला, तर तिचा लाभ तरी कशावर मागायचा?

आता उकिडवं बसण्याविषयी. हे मी क्लेम खात्यात असताना कुणी करताना पाहिलं नव्हतं. तुम्ही मिस्त्रींना विचारलंत, “दिवसाला किती फूट फरशी बसवत होता?” हेल्पर असेल तर दीडशे, म्हणाले. “बसून की वाकून?” मिस्त्री हसले. फरशीचं काम उकिडवं बसूनच होतं; लेव्हल पट्टी लावायची, रबरी हातोडीने ठोकायची, सांध्यात ग्राउट भरायचं, आणि तसंच बसल्या बसल्या मागे सरकत जायचं. त्यांचा उजवा गुडघा आता साठ अंशांपुढे वाकत नाही. सर्टिफिकेटवर अपंगत्व तीस टक्के. बहुतेक वकील तेच तीस टक्के गणितात टाकतात आणि मोकळे होतात.

सुप्रीम कोर्टाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितलंय की अपंगत्व किती आणि कमाई किती बुडाली हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, ड्रायव्हरची किंवा सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाते. तुम्ही ऑर्थोच्या डॉक्टरांना साक्षीला आणलंत. नुसतं सर्टिफिकेट फाइलला टोचून भागत नाही, उलटतपासणीला डॉक्टर उभे नसतील तर कंपनीचा वकील ते मोडीत काढतो. आणि त्यांना दोनच प्रश्न विचारलेत : हा माणूस उकिडवा बसू शकेल का, गुडघे टेकू शकेल का. दोन्हींचं उत्तर नाही.

इन्कम टॅक्स रिटर्न नव्हतं. मिस्त्रींची लाल खतावणी, बँकेत जमा होणारे यूपीआयचे पैसे आणि एका कंत्राटदाराची साक्ष यांवर महिन्याचे पंचवीस हजार मागितलेत, न्यायाधिकरणाने अठरा धरले. गणित असं. अठरा हजारांवर भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के, कारण स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत. झाले २५,२००, वर्षाचे ३,०२,४००. वय चौतीस, म्हणून गुणक (वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्या आकड्याने गुणतात तो) सोळा. कमाईचं नुकसान तीस टक्के धरलं असतं तर १४,५१,५२० आले असते. न्यायाधिकरणाने पन्नास धरलं, आले २४,१९,२००. औषधोपचार, वेदना, सोबतीला राहणाऱ्याचा खर्च हे वेगळं. दोन प्रश्नांची किंमत ९,६७,६८० रुपये. आमच्या जुन्या ऑफिसात हे सांगितलं तर तिथले लोक तुमच्यावर रागावतील, पण मनातून मान डोलवतील.

ज्याच्या कॅमेऱ्यात अपघात आला, त्या औषधाच्या दुकानदाराचेही आभार तुमच्याच पत्रात मानतो, कारण त्याच्यापर्यंत तुम्ही पोहोचलात. दुकानातल्या कॅमेऱ्याची हार्डडिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. पाच महिन्यांनी तिथे काय असणार? त्याने त्या रात्रीच फुटेज पेनड्राइव्हवर काढून गल्ल्यात ठेवलं होतं, कुणीतरी विचारायला येईल म्हणून. पाच महिने कुणी आलं नाही. तुम्ही गेलात, तेव्हा त्याने गल्ला उघडला. पुराव्यासाठी लागतं ते प्रमाणपत्र दिलं आणि अर्धा दिवस दुकान बंद ठेवून साक्षीला आला. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यायला. ठाण्यातल्या एका हवालदाराने पंचनाम्याची प्रत पहिल्या हेलपाट्यात दिली, बसायला खुर्ची दिली. अशी माणसं पुण्यात आहेत. पॅसेजमध्ये कार्ड वाटत फिरत नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

मिस्त्रींच्या बायकोने परवा विचारलं, ताईंना काय द्यायचं? मी सांगितलं, फीची पावती त्यांनी पहिल्याच दिवशी दिलीय, आता काही द्यायचं नाही. तरी तिने आणलेली चकली तुमच्या कारकुनाकडे ठेवली आहे. तेवढी घ्या.

आपला,
क्लेम खात्यातला एक निवृत्त माणूस, कोथरूड

ता. क. : कंपनीने रक्कम तीस दिवसांत भरायची आहे, आणि अपिलाला त्यांच्याकडे नव्वद दिवस आहेत. तोवर मिस्त्रींच्या एक्स-रे फिल्मा त्यांच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाने चिकटतील, म्हणून माझ्या कपाटात उभ्या ठेवल्यात. लागल्या तर फोन करा, मी आणून देतो.