चालतंय ना, मग हात लावू नको

सोलापूर, १४ डिसेंबर २०२५

विज्या,

काय बे, जिवंत आहेस ना? इकडे सगळे बरे. अण्णांची शुगर आहे तिथंच, आईचे गुडघे तसेच. पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. इथं कुणाला सांगायला जावं तर समोरचा दुसऱ्या वाक्याला मोबाईल काढतो. सुनीतानं मात्र सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे आता चालू आहे ना?" चालू आहे गं बाई, तेच तर दुखणं आहे.

अक्कलकोट रोडच्या युनिटमधला तो दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसरचा सर्व्हर, ज्याच्यावर शेठचा सूत, टॉवेल, पॅकिंग लिस्ट असा सगळा हिशेब आहे, त्याची डेबियन ही लिनक्स सिस्टिम मी १२ वरून १३ वर नेली. पॅकेजं विनातक्रार चढली. रीबूट मारला, ग्रब, म्हणजे बूटचा मेन्यू आला, इनिशियल रॅमडिस्क लोड होतेय अशी ओळ आली आणि संपलं. काळा पडदा. आपल्या सागरनं कॅप्सलॉक दाबून बघितलं, दिवा लागेना. "सर, हँग!" म्हटलं, बाळा, अजून यूएसबीचा ड्रायव्हरच चढला नाही, दिवा लावणार कोण? पण निदान बरोबर निघालं त्याचं. पंखे तेवढे बोंबलत होते.

घाबरायचं कारण नव्हतं. ग्रबच्या जादा पर्यायांत जुना ६.१ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, होताच, त्यावर उठवलं, सकाळी पॅकिंग सुरू. शेठ खूश. "चालतंय ना? मग हात लावू नको." त्यांच्या दृष्टीनं विषय तिथंच मिटला. पण जुन्या कर्नलवर किती दिवस काढणार? पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या नव्यालाच येणार. शिवाय आमच्याकडची लाइट तुला माहीत आहे. युपीएसनं रात्री मान टाकली, की मशीन उठताना आपसूक नवा ६.१२ कर्नल धरणार आणि तिथंच बसणार. म्हणून आधी ग्रबमध्ये जुना कर्नल डीफॉल्ट करून ठेवला.

मग पुढच्या सुट्टीला शांतपणे बसलो. बूटचे संदेश दडवणारं क्वाएट काढलं, सगळे संदेश दाखवणारं इग्नोर-लॉगलेव्हल घातलं आणि कन्सोल सिरियल केबलवर वळवला, वेग ११५२००. आता ऐक. खरेदीच्या यादीत मी सिरियल केबल लिहिली तेव्हा सगळ्या हॉटेलासमोर माझी अब्रू कुणी काढली होती? "तू काय टेलिफोन एक्स्चेंज चालवणार का?" म्हणाला होतास. तर साहेब, पडद्यावर जिथं शून्य दिसत होतं, तिथं त्या केबलवरून सगळी कुंडली आली. शेवटची ओळ नोड १, म्हणजे दुसरा सॉकेट, सीपीयू ८; मोजणी शून्यापासून. पुढे काही नाही. म्हणजे पहिल्या सॉकेटचे आठ कोर उठलेत आणि दुसऱ्या सॉकेटच्या पहिल्याच कोरला हाक मारल्यावर सगळं ठप्प.

मला वाटलं, दुसरा प्रोसेसर गेला. सेकंडहँड मशीन, त्यात आमचा उन्हाळा. पण मग जुन्या कर्नलवर ३२ च्या ३२ सीपीयू (सोळा कोर, प्रत्येकी दोन थ्रेड) कसे चालतात? एकाच सीपीयूवर चालवणारं नोएसएमपी दिलं, उठलं, पण त्यात आयओ-एपिक, म्हणजे इंटरप्ट वाटणारी चिप, तीही बंद होते, म्हणून त्याचा भरवसा धरला नाही. मग बूटला एकच सीपीयू उठवणारं मॅक्ससीपीयूज=१ दिलं. उठलं, आयओ-एपिकसकट. आणि मग, विज्या, मी जे केलं ते बघायला तू हवा होतास. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या फाइलरूपी खिडकीत, प्रत्येक सीपीयूची ऑनलाइन नावाची फाइल असते ना, तिच्यात एकेक करून १ लिहीत गेलो. एक, दोन, तीन... सातपर्यंत गुमान आले. आठला मी खुर्ची मागं सरकवली आणि एंटर दाबला. आला बे! नववा आला, एकतीसपर्यंत सगळे आले. एकेकटा कुणीच आजारी नाही!

तेव्हा डोक्यात दिवा पेटला. ६.५ पासून कर्नलनं सीपीयू उठवायची पद्धत बदलली आहे. पूर्वी घरातल्या एका पोराला उठवायचं, त्याचं तोंड धुऊन होईपर्यंत थांबायचं, मग दुसऱ्याला. आता एकदाच सगळ्यांना हाक. मोठ्या मशीनवर बूटचा वेळ वाचतो म्हणे. ही समांतर पद्धत बंद करायला एक पॅरामीटर आहे, सीपीयूएचपी.पॅरलल=०. तो घातला, आणि ६.१२ सुतासारखा सरळ उठला.

इथं माणसानं पेढे वाटावेत. पण मला झोप नाही. कारण हे औषध आहे, रोग नव्हे. हाक एकदम मारली की दुसरा सॉकेट का बसतो, ते मला अजून माहीत नाही. मायक्रोकोडचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कोडचा नंबर दोन्ही सॉकेटला एकच निघाला. एक्स२एपिक, म्हणजे सीपीयूंना इंटरप्ट पोचवायची नवी पद्धत, बंद करून पाहिलं, फरक नाही. उरलं बायोस, मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर. ते मशीनइतकंच जुनं आहे आणि त्यानंतर कंपनीनं बरीच नवीन काढली आहेत. चढवावं तर मधेच लाइट गेली की बोर्ड कायमचा आडवा, आणि त्याच्या जागी दुसरा बोर्ड शेठ घेऊन देणार नाहीत. न चढवावं तर ग्रबच्या फाइलमध्ये तो पॅरामीटर वर्षानुवर्षं पडून राहणार. मी वर शेरा लिहून ठेवलाय, "काढू नये", पण असले शेरे आपण दोघांनी किती जणांचे काढले ते आठव.

तुझं मत मला आत्ताच माहीत आहे, तू म्हणणार चढव. तू नेहमीच चढव म्हणतोस. देशमुखांच्या राउटरलाही तू चढव म्हणाला होतास, आणि मग फोन उचलत नव्हतास! तेव्हा या वेळी सल्ला नको, तू स्वतः ये. भोगीला सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता असतात, गड्ड्याच्या त्या दोन दिवसांत युनिट बंद असतं. जनरेटर सुरू ठेवू, युपीएसच्या बॅटऱ्या मी आधीच बदलून घेतो, आणि बटण तू दाबायचं. बिघडलं तर शेठसमोर तू उभा राहायचं, कारण तुला ते चहा पाजतात.

तुझ्या नव्या नोकरीचं ऐकलं. अभिनंदन, पगार फोनवर सांग. पिंकीची दहावी ना? तिला माझ्याकडून सांग, गणित सोडू नको. वहिनींना शेंगाचटणी आणि कडक भाकरी काढून ठेवलीय.

गुरव सरांना यातलं काही बोलू नकोस, ते लगेच "क्लाउडवर टाका" म्हणून शेठना फोन करतील. आणि हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट आजच काढ, यात्रेच्या आठवड्यात मिळत नाही.

तुझा,
सुन्या