तपासणाऱ्या हातांचे आभार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

माझ्या मोटरसायकलचं काम तुम्ही केलं नव्हतं. ते दुसऱ्यांनी केलं होतं आणि त्याचे पैसेही घेतले होते. तुम्ही ते फक्त तपासलंत, तेही मी न सांगता. बिलावर दुरुस्ती करणाऱ्याचं नाव असतं, तपासणाऱ्याचं कुठेच नसतं, म्हणून हे आभार चारचौघांत मानतो आहे.

झालं होतं ते वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागचा टायर बदलून गाडी घरी आली होती. चेन पुसलेली, तेल दिलेलं, रिम लख्ख. तुम्ही सहज खाली बसलात आणि ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, टोकाकडे बोट दाखवलंत. कंगोऱ्यांच्या नटात स्प्लिट पिन, म्हणजे आरपार घालून टोकं वाकवायची पिन, नव्हती. पाना लावला, तर नट जेमतेम जोरावर फिरला. ती पिन असती तर नट सैल झाला तरी निघून पडला नसता. तिचं काम तेवढंच असतं. इथे नट सैल होता आणि पिनही नव्हती. तशीच गाडी हायवेला काढली असती तर काय झालं असतं, हा विचार अजूनही नकोसा वाटतो.

पिन बसवून तुम्ही उठला असतात तरी मी जन्मभर आभार मानले असते. पण खरं शिकवलंत ते त्यानंतर. तुम्ही म्हणालात, पिन विसरली म्हणजे काम करणाऱ्याला मध्येच कुणीतरी हाक मारली असेल, फोन आला असेल. त्या क्षणानंतर त्यानं जे जे हाताळलं ते सगळं बघायचं. म्हणून मग तुम्ही मागचा ब्रेक दाबून पाहिलात. चाक काढताना कॅलिपरचे (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन मागे सरकले असतील तर पहिला दाब पोकळ जातो, आणि तो पोकळ दाब जागेवर उभं असताना सापडलेला बरा. टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे का, तेही पाहिलंत. चेन लॉकच्या, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या, क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं, हे मला तेव्हा कळलं.

चेनचा ढिलेपणा तुम्ही एकाच जागी मोजला नाहीत. चाक थोडं थोडं फिरवत अनेक ठिकाणी मोजलात, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही आणि माप धरायचं ते सर्वांत ताठ जागेवरचं. बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर सांगितलेलं असतं, पण तुम्ही मला माझ्याच गाडीचं मॅन्युअल आणायला लावलंत. ‘साधारण एवढंच असतं’ हे वाक्य तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

टॉर्क पान्याबद्दलही, म्हणजे ठरवलेला पिळाचा जोर आला की ‘टक्’ वाजणाऱ्या पान्याबद्दल, तुम्ही माझा मोठा गैरसमज काढलात. आवळलेल्या नटाला पुन्हा पाना लावला आणि ‘टक्’ वाजलं, तर नट सैल नाही एवढंच समजतं. तो गरजेपेक्षा जास्त आवळलाय का, हे त्या आवाजावरून कळत नाही. ॲल्युमिनियमच्या इंजिनात ड्रेन बोल्टचे (तेल सोडायच्या बोल्टचे) आटे जातात ते बहुतेक अशा जास्तीच्या जोरानं. कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्कचा आकडा तेल लागलेल्या आट्यांवर वापरला, तर बोल्टवर ताण भलताच वाढतो. म्हणून तुमची पद्धत मला पटते: ठरलेल्या टॉर्कला आवळायचं, लगेच नट आणि त्याखालचा भाग यांच्यावरून रंगाची एकच रेघ ओढायची. पुढे रेघ तुटलेली दिसली की नट हलला. रेघच नाही, म्हणजे तो नट अजून कुणी आवळलेलाच नाही.

तुम्ही सांगितलेली ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची घटना मी नंतर वाचून काढली. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या त्या विमानात कॅप्टनसमोरची काच हवेत निखळली आणि ते कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचले. काच उड्डाणाच्या २७ तास आधीच बदलली होती. ९० बोल्टपैकी ८४ जाडीला अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक बारीक निघाले. काम करणारा अनुभवी होता. त्यानं काढलेल्या जुन्या बोल्टशी नुसत्या नजरेनं जुळवून नवे घेतले, आणि ते जुनेही मुळात आखूडच होते! त्या कामावर दुसऱ्या माणसाची तपासणी नियमानं बंधनकारक नव्हती.

हे वाचल्यापासून ‘जुना होता तसाच बसवलाय’ हे मला पुरेसं वाटत नाही. ज्याच्या हातून चूक झाली, त्याच्याच डोळ्यांना ती दिसणं सर्वांत अवघड, कारण त्याला आपण काय करायला निघालो होतो तेच दिसत राहतं. कामावर दुसऱ्यानं नजर टाकली की काही मेकॅनिकना अपमान वाटतो. मला तर उलट, जो आपला पाना दुसऱ्याच्या हातात देऊन ‘बघ जरा’ म्हणतो, त्याच्याच हाती गाडी सोपवावीशी वाटते. तुम्ही त्या वर्कशॉपला एकही वाईट शब्द बोलला नाहीत, हेही मी विसरलेलो नाही. तुम्ही फोन करून त्यांना पिनेबद्दल सांगितलंत, त्यांच्याकडच्या पुढच्या गाडीसाठी.

आता एक विनंती. पुढच्या महिन्यात मी पुढच्या चाकाचे बेअरिंग आणि ब्रेक पॅड स्वतः बदलणार आहे. काम झालं की तुम्हाला बोलावीन. काय केलं, कुठे अडलं, हे आधी काही सांगणार नाही; तुम्हीही विचारू नका. सरळ खाली बसा आणि कोऱ्या नजरेनं बघा. तुमचं बघून होईपर्यंत गाडी स्टँडवरून खाली येणार नाही.

तुमचा ऋणी,
पाना हाती धरायला शिकणारा एक शेजारी