माणशी अर्धा एकर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. लगेच लिहवलं नाही, कारण तुझा एक प्रश्न मनातून जाईना. साइटवर असलो की घर सुटतं, घरी असलो की काम सुटतं, आणि ज्यांच्यासाठी बांधतो ती माणसं तर ओळखीचीही नसतात, असं लिहून तू विचारलं आहेस की हे तिन्ही जमलेला कोणी इंजिनिअर आहे का.

आहे. विलासराव साळुंखे.

कॉलेजात दर १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, आपण विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालायचो, ते योग्यच होतं. पण विलासरावांचं नाव मात्र त्या चार वर्षांत कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. आता त्याची खंत वाटते.

पुण्यात त्यांचा अचूक मोजमापाची उपकरणं बनवणारा कारखाना होता. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात गेले आणि दुष्काळी कामावर खडी फोडत बसलेली माणसं त्यांनी पाहिली. पुरंदर म्हणजे सह्याद्रीच्या आडोशाचा, पर्जन्यछायेतला मुलूख. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही भरवशाचा नाही. तिथे नायगावला देवस्थानची ४० एकर उजाड, उताराची जमीन त्यांनी ५० वर्षांच्या कराराने घेतली. उतारावर बांध घातले, खालच्या अंगाला पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर खणली आणि तिचं पाणी पंपाने परत वर चढवलं. त्यात तुला-मला न कळणारं काहीच नाही. परवा मी कागदावर हिशेब मांडला. ४० एकरांवर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ८१ हजार घनमीटर पाणी होतं. त्यातलं पुष्कळसं उडून जाणार, वाहून जाणार. पण चौथा हिस्सा जरी अडवला, तरी वीस हजार घनमीटर! ज्या माळाला सगळे कोरडा म्हणत होते, त्याच्यावर आभाळातून दर वर्षी एवढं पडत होतं.

इथवरचं काम कुठल्याही चांगल्या इंजिनिअरने केलं असतं. मला ते थोर वाटतात ते पुढच्या कामासाठी, म्हणजे पाणीवाटपासाठी. ग्राम गौरव प्रतिष्ठान या आपल्या संस्थेच्या मार्फत त्यांनी पाणी पंचायत उभी केली आणि पाण्याचा वाटा जमिनीवरून नाही, तर घरातल्या माणसांवरून ठरवला. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, आणि घर कितीही मोठं असलं तरी अडीच एकरांच्या वर नाही. वर्षाला माणशी १,००० घनमीटर असं ते माप होतं. अर्ध्या एकरावर पसरलं तर साधारण अर्धा मीटर खोलीचं पाणी होतं बघ. तेवढ्यात ज्वारी-बाजरी, कडधान्य, भाजीपाला निघतो, ऊस निघत नाही. म्हणून ऊस लावायचाच नाही, हाही नियम. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्याच्या घरालाही वाटा. पाणी पंचायतीची सिंचन योजना एकट्यादुकट्याला नाही, गटालाच मिळायची, आणि खर्चाचा २० टक्के वाटा शेतकऱ्यांनी स्वतः उचलायचा. शेताशेतावर पाळीने पाणी सोडायला पाटकरी.

हे वाचताना मला माझी ती वस्तीवरची नळयोजना आठवत होती. तुला मी तिच्याबद्दल कधी नीट सांगितलंच नाही. टाकीची उंची, पाइपांचे व्यास, शेवटच्या नळापर्यंतचा दाब, सगळं मी तीनतीनदा तपासलं होतं. पाणी सुरू झालं आणि महिनाभरात वरच्या बाजूच्या घरांनी पाइपाला थेट मोटारी जोडल्या. खालच्या अकरा घरांचे नळ कोरडे पडले. तिथली एक म्हातारी मला म्हणाली, "साहेब, आमच्याकडं कधी आला नव्हता तुम्ही." खरंच गेलो नव्हतो. मी दाब मोजला, माणसं मोजली नव्हती. त्या रात्री घरी येऊन कोणाशी बोललो नाही. बायकोने दोनदा विचारलं, तरी गप्प राहिलो. आता वाटतं, तिलाच आधी सांगायला हवं होतं.

कारण विलासरावांच्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट तीच आहे. त्यांच्या पत्नी कल्पनाताई या कामात त्यांच्या बरोबरीने उतरल्या होत्या. २००२ साली विलासराव गेले, त्यानंतरही त्यांनी ते काम धरून ठेवलं. आपण मात्र घर आणि काम तराजूच्या दोन पारड्यांत टाकून बसतो आणि दोन्हीकडे कमीच पडतो. विलासरावांनी घराला कामाबाहेर ठेवलंच नाही. त्यांच्या नियमातसुद्धा मोजण्याचं एकक घरच होतं, हा मला योगायोग वाटत नाही.

सगळं सरळ झालं असंही नाही. पुढे काही योजना बंद पडल्या. विजेची अडचण होतीच, उसाच्या पैशाची ओढही होती. पण तेवढ्यावरून मला त्यांचा विचार चुकीचा वाटत नाही. एवढंच कळतं की वाटप एकदा ठरवून भागत नाही, त्यासाठी वर्षानुवर्षं बैठकीला बसणारी माणसं लागतात.

तर, येत्या रविवारी मी त्या वस्तीवर जातो आहे. बायको येणार आहे. वरच्या घरांतल्या बायकांशी ती बोलेल, मला ते जमणार नाही. मुलीने वही काढून रकाने आखले आहेत: घर, माणसं, नळाला पाणी किती वेळ. पहिल्या भेटीत मोटारींचा विषय काढायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे, आधी खालच्या अकरा घरांत जाऊन बसायचं.

तुझी लेव्हल आणि स्टाफ, म्हणजे चढउतार मोजायची ती दुर्बीण आणि पट्टी, शनिवारपर्यंत मिळेल का? खालच्या अंगाला वेगळी छोटी टाकी बसते का, ते बघायचं आहे. आणि मोकळा असलास तर तूच घेऊन ये. वहिनींनाही आण.

तुझाच