तिकीट ‘फुकट’, हप्ते दहा वर्षे

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचे वेड आपल्या क्रिकेटवेडापेक्षा कमी नाही. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची आसनक्षमताच १,०७,६०१ आहे. पण अशा बड्या संघांना टीव्ही आणि तिकिटांतून पैसा मिळतो. अनेक मध्यम विद्यापीठे मात्र तो सक्तीच्या ‘अॅथलेटिक्स फी’तून विद्यार्थ्यांकडूनच काढतात. विद्यार्थ्याला सामन्याचे तिकीट ‘फुकट’ मिळते ते असे!

ही फी विद्यापीठाच्या बिलातच असल्याने अनेकदा शैक्षणिक कर्जातून भरली जाते. समजा, ती वर्षाला १,००० डॉलर आहे. चार वर्षांचे ४,००० डॉलर साडेसहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याला सुमारे ४५ डॉलर, एकूण ५,४५० च्या आसपास. शिकतानाचे व्याज वेगळेच. २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येतो. त्याचा भार या फीवर येणार, अशी आमची धास्ती आहे.

तिकडे निघालेल्या मराठी मुलांनी केवळ ट्यूशन फीचा आकडा पाहू नये. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘मँडेटरी फीज’चा तपशील उघडून अॅथलेटिक्सची ओळ शोधावी. काही ठिकाणी ती ‘स्टुडंट अॅक्टिव्हिटी’च्या नावाखाली दडलेली असते. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमाला ती माफ आहे का, हेही लेखी विचारावे.

– एक वाचक, पुणे